भरलेल्या ओळीनंतरचं अक्षर

धाकट्याच्या दुकानात संगणक घ्यायला कुणी आलं, की त्याला आधी एक छोटं प्रवचन ऐकून घ्यावं लागायचं. "हे बघा," धाकटा म्हणायचा, "यंत्र नवं, आतली ऑपरेटिंग सिस्टीम अधिकृत, मागे एवढी मोठी कंपनी उभी. काही अडलं तर फोन करायचा. फक्त एक लक्षात ठेवा, आत हात घालायचा नाही." मग तो यंत्र उलटं करून पाठीवरची चंदेरी चिकटपट्टी दाखवायचा. ती फाटली की हमी संपली. गिऱ्हाईक त्या पट्टीकडे जरा बिचकून बघायचं आणि खोकं काखोटीला मारून निघून जायचं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाव त्याला होतं, पण घरात तो 'धाकटा' आणि दोन मुलांचा बाप झाल्यावरही धाकटाच. दुकान त्याने चिकाटीने उभं केलं होतं. एकदा त्याने काचेवर पाटी लावली, 'पाचपेक्षा जास्त वस्तू घेणाऱ्यास पिशवी मोफत'. एक निवृत्त गृहस्थ नेमक्या पाच वस्तू घेऊन पिशवीसाठी तासभर भांडले, आणि पाटीवरचं अक्षर न् अक्षर त्यांच्या बाजूने नसतानाही रस्त्यावरची सगळी माणसं त्यांच्या बाजूने झाली. तेव्हापासून धाकट्याने कानाला खडा लावला. पाटी बदलून 'पाच किंवा जास्त' केली, आणि बोलतानाही 'किंवा तेवढंच' हे शेपूट जोडायची त्याला खोडच लागली. "अर्ध्या कपापेक्षा जास्त चहा नको," असं तो म्हणाला की बायको विचारायची, "आणि बरोबर अर्धा झाला तर?"

पण ही गोष्ट खरं म्हणजे त्याच्या ताईची आहे. ताई त्याच्याहून थोडी मोठी. तान्ही असतानाच्या तापात तिची नजर गेली. तिने कधी उजेड पाहिला असेल तर तो तिला आठवत नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की ती कंटाळते. धाकट्याच्या घराच्या वरच्या खोलीत राहते. पावसाळा असो, उन्हाळा असो, खिशात हातमोजे. थंडीत भांडी विसळत नाही, गरम तव्याच्या जवळ जात नाही, खरखरीत दोर ओढत नाही. नव्या शेजारणीला वाटलं, बाई कामचुकार दिसते. मग तिला कळलं की ताईची पोटापाण्याची सगळी मदार दोन तर्जन्यांच्या टोकांवर आहे. ती अंधांच्या शाळेला जोडलेल्या ब्रेल छापखान्यात तपासनीस आहे. कागदावर उठलेले ठिपके बोटांनी वाचायचे आणि चूक धरायची, हे तिचं काम.

लहानपणी ठिपक्यांची पुस्तकं मिळायची मारामार. मग शाळेचे धडे, वाचनालयातल्या गोष्टी, सगळं धाकटा तिला वाचून दाखवायचा. तो वाचायचा बरा, पण त्याला एक दुर्गुण होता. गोष्ट आवडली नाही की तो ती सुधारायचा. पुस्तकातला राजा मेला तरी त्याच्या वाचनात तो जगायचा, आणि वर घोडाही परत मिळवायचा. ताई लगेच चिमटा काढायची. "नसलेलं वाचू नकोस!" तिला कसं कळायचं हे त्याला मोठा होईपर्यंत कोडंच होतं. अगदी सोपं होतं ते. पुस्तकातलं वाचताना त्याचा आवाज रडका असायचा आणि मनातलं वाचताना खुलायचा.

वडिलांचा रेडिओ हे घरातलं दैवतच होतं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ताई त्याला कान लावून बसायची आणि विचारायची, "आत काय आहे?" मोठी माणसं म्हणायची, "तारा आहेत." तारा म्हणजे काय, कशा, किती, हे कुणी सांगत नव्हतं. एका दुपारी सगळे झोपलेले असताना धाकट्याने पेचकस पैदा केला, रेडिओची वायर भिंतीतून काढली, मागचं झाकण उघडलं आणि तिचा हात धरून आत घातला. वडील जागे झाले. त्यांनी दिलेली थप्पड धाकट्याला आजही गालावर आठवते. रेडिओच्या आत काय होतं, ते मात्र तो पार विसरून गेला. त्या दुपारबद्दल ताई पुढे कधी काही बोलली नाही.

छापखाना म्हणजे शाळेच्या मागची एक लांबट खोली. दोन टेबलं, कागदाचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात ठिपके उठवणारं यंत्र. ते चालू झालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या, म्हणून त्याचं नाव ठोक्या. आवाज दाबायला त्याच्यावर जाड घोंगडी लावलेली लाकडी पेटी घातली होती, तरी बाजूच्या वर्गातली मुलं म्हणायची, आज ठोक्या खूश आहे, आज ठोक्याला खोकला झालाय.

तपासणी जोडीने चालायची. डोळस माणूस मूळ मजकूर मोठ्याने वाचणार, समोर बसलेली ताई ठिपक्यांवरून बोटं फिरवणार. वाचणाऱ्याने अर्थ लावायचा नाही. स्वल्पविराम आला तर 'स्वल्पविराम' म्हणायचं, कंस आला तर 'कंस'. आवाज सपाट ठेवायचा. बोटांना काही वेगळं लागलं की ताई टेबलावर टकटक करायची आणि दोघं थांबायचे. आणि छापखान्याची एक जुनी रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दोन नावं उठवायची. वाचन अमुक, बोटं तमुक. ताईचं नाव 'बोटं' या शब्दापुढे इतक्या पुस्तकांत होतं, की शाळेतली मुलं तिला बोटंताईच म्हणत.

तर झालं असं, की छापखान्याचा जुना संगणक एके दिवशी बसला तो उठलाच नाही. धाकट्याला ही आयती संधी वाटली. बहिणीसाठी काहीतरी करावं असं त्याच्या मनात कधीपासून होतं. त्याने दुकानातला सगळ्यात चांगला संगणक उचलला, ताजी अधिकृत सिस्टीम घातली, आणि स्वतः नेऊन टेबलावर ठेवला. "माझ्याकडून," तो म्हणाला. सगळ्यांनी कौतुक केलं. मग ठोक्याची वायर जोडली. ठोक्या गप्प.

नव्या सिस्टीमने ठोक्याला ओळखच दाखवली नाही. धाकट्याने वायरी बदलल्या, संगणक बंद करून चालू केला, शेवटी कंपनीला फोन लावला. फोन लगेच उचलला गेला, हे त्याने सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, की ते यंत्र फार जुनं आहे, नव्या सिस्टीममध्ये ते आता धरलेलं नाही, आणि जुनी सिस्टीम आता मिळत नाही. यंत्र बनवणारा कारखाना तर कधीच बंद पडला होता. "मग यंत्राशी बोलणारा सिस्टीममधला तो तुकडा आम्हीच दुरुस्त केला तर?" धाकट्याने विचारलं. "तो बंद असतो, सर. त्याच्या आत कुणाला जाता येत नाही." हे वाक्य त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. फक्त आजवर ते त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

व्यवस्थापकबाई समजूतदार, पण त्यांचेही हात बांधलेले. नवं यंत्र घेणं शाळेच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत हे सुरू झालं नाही तर पुस्तकं दुसऱ्या शहरातल्या छापखान्याकडून मागवावी लागतील. मुलांना गणिताशिवाय ठेवता येणार नाही." मग ही खोली बंद, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. ताईने फक्त हातमोजे चढवले. घरी येताना रस्ताभर धाकट्याला आपण बहिणीला संगणक नाही, घरी बसायचं पत्र नेऊन दिलं असं वाटत राहिलं.

आता इथे मास्तर येतात. शाळेत संगणक शिकवणारे हे गृहस्थ मुक्त सिस्टीमचे कट्टर भक्त. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्याही मालकीची नसलेली, आतून पूर्ण उघडी अशी ऑपरेटिंग सिस्टीम, हा विषय निघाला की ते जेवण विसरत. निघाला नाही तर स्वतः काढत. धाकट्याचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक खोकी विकणारा, दुसरा खोकी उघडा म्हणणारा.

"तुम्ही संगणक विकत घेता," मास्तर दुसऱ्या दिवशी छापखान्यात म्हणाले, "पण त्यात भाडेकरू म्हणून राहता. मालकाने उद्या जिना काढून घेतला तर तुम्ही वरच लटकलात. ठोक्याचं तेच झालं."

"आणि तुमच्याकडे?" धाकटा उसळला. "तुमच्याकडे मालकच नाही! नळ गळला तर बोंब कुणाच्या नावाने मारायची? माझी कंपनी निदान फोन उचलते."

"उचलून काय म्हणाली?"

यावर धाकट्याने नुसता आवाज चढवला. मास्तरही मोठ्याने बोलले. दोघांचा चहा गार झाला. शेवटी ताईने टेबलावर टकटक केली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने खोलीतले सगळे गप्प झाले.

"मास्तर, तुमच्या त्या सिस्टीममध्ये ठोक्या चालेल का?"

"शोधून बघतो, ताई."

आणि सापडलं की! लांबच्या कुठल्याशा देशातल्या कुणा माणसाने, ठोक्याच्या जातीच्या यंत्रांसाठी एक प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिला होता. ना ओळख ना देख. का लिहिला, कुणासाठी लिहिला, काही पत्ता नाही. मास्तरांनी धाकट्याच्याच संगणकावर मुक्त सिस्टीम चढवली. धाकटा हाताची घडी घालून उभा होता, चेहरा मुलीची सासरी पाठवणी चालल्यासारखा. मास्तरांनी कळ दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग घोंगडीच्या आतून ठक, ठक, आणि एकदम तो जुना गडगडाट. खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या वर्गातून मुलांचा ओरडा आला, "ठोक्या उठला!" धाकट्याच्या अंगावर काटा आला. मास्तरांच्या समोर तो दिसू नये म्हणून त्याने बाह्या खाली ओढल्या.

पहिलं पान ताईच्या हातात आलं. बोटं झरझर चालली, थांबली, मागे गेली. टकटक.

"अक्षर पडलंय." पुढे चालली. टकटक. "इथेही."

गणिताच्या पुस्तकात अक्षर पडणं म्हणजे आकडा पडणं. मुलाने अख्खं उदाहरण बरोबर सोडवावं आणि उत्तर चुकावं, असला प्रकार. ताईने दुपारभर पानं तपासली आणि सांगितलं, "काठोकाठ भरलेली ओळ आली, की तिच्या खालच्या ओळीचं पहिलं अक्षर तो गिळतो. ओळ जरा अपुरी असली तर नाही."

मास्तरांनी प्रोग्राम उघडून बघितला. पानंच्या पानं. ते शिकवत चांगलं, पण असला प्रोग्राम लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याने लिहिलेल्यात सुई शोधणं त्याहून वेगळं, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. त्यांनी लिहिणाऱ्याला निरोप पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. महिना संपत आला, तरी पलीकडे सामसूम.

"म्हणत नव्हतो मी?" धाकटा म्हणाला, पण त्यात काही मजा नव्हती. तो जिंकला असता तर ताईचं टेबल जाणार होतं.

तेव्हा ताईने विचारलं, "मास्तर, हा प्रोग्राम आतून वाचता येतो म्हणालात ना?"

"हो, कुणालाही."

"मग मला छापून द्या."

मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सारली. "ताई, पण तुम्हाला प्रोग्रामिंग..."

"येत नाही. मला रसायनशास्त्र तरी कुठे येतं? त्याची चार पुस्तकं तपासलीत मी."

म्हणून ठोक्याने स्वतःला चालवणारा प्रोग्राम स्वतःच ठिपक्यांत ठोकून काढला, मध्येमध्ये स्वतःचीच अक्षरं गिळत. कागदाचा जाडजूड गठ्ठा झाला. ताईने तो पुढ्यात ओढला, पण त्यावर लगेच बोटं ठेवली नाहीत. नुसता तळहात ठेवून बसली. तिचा चेहरा धाकट्याने तसा कधी पाहिला नव्हता, किंवा फार पूर्वी कधीतरी पाहिला होता आणि कुठे ते त्याला आठवेना.

"आतलं सगळं आहे हे?" तिने विचारलं.

"सगळं," मास्तर म्हणाले. "काही लपवलेलं नाही."

वाचायला कोण बसणार हा प्रश्नच होता. नेहमीच्या वाचकबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मास्तरांच्या तासाला मुलं खोळंबली होती. ताईने तोंड धाकट्याकडे वळवलं. "बस."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम. वाचणाऱ्याला कळायला नकोच."

मास्तरांनी त्याला पडद्यावरच्या खुणांची नावं शिकवली. हा कंस, ही महिरप, ही खूण 'मोठं', आणि तिला चिकटून ही दुसरी आली तर 'मोठं किंवा बरोबर'. मग ते वर्गावर गेले, आणि सगळ्या गावाला आत हात घालू नका सांगणारा धाकटा एका परक्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामच्या पोटात शिरला.

पहिल्या दोन पानांत ताईने त्याला अनेकदा हटकलं. "आवाज सपाट ठेव. लिलाव चाललाय का?" मग हळूहळू त्याला लय सापडली. तो एकेक खूण उच्चारत होता आणि समोर ती बोटं चालली होती, एक वाचणारं, दुसरं पुढच्या ओळीची सुरुवात चाचपून ठेवणारं. गिळलेल्या अक्षरांशी ताई नुसती 'हं' म्हणायची, कारण ती तिला ठाऊकच होती. बहिणीला काम करताना त्याने असं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. डबा द्यायला यायचा, दारातून जायचा. काहीच अर्थ लागत नसलेल्या मजकुराचा एकही ठिपका ती सोडत नव्हती. एखाद्याचं बोलणं कळत नसलं तरी ते पूर्ण ऐकून घ्यावं, तसं चाललं होतं. आणि पलीकडे तो न पाहिलेला माणूस, ज्याने हे सगळं ओळीने मांडून दार उघडं टाकलं आणि निघून गेला. कुणी येईल का, कोण येईल, त्याला काय माहीत! आली ती ही. धाकट्याला एकाएकी फार भरून आलं. दुकानात बसून आपण हा माल कधी पाहिलाच नाही, असं त्याला वाटलं.

दुपार कलली. आवाज बसला. ओठ आपोआप हलत होते, डोकं अर्धं दुकानात होतं, आणि वाचता वाचता तो म्हणाला, "जर, कंस, ओळ, मोठं किंवा बरोबर, रुंदी, कंस पूर्ण..."

टकटक.

"'किंवा बरोबर' माझ्याकडे नाही," ताई म्हणाली. "आणि इथे वरची ओळ भरलेली नाही, म्हणजे ठोक्याने गिळलेलंही नाही."

धाकट्याने डोळे चोळून पडद्याकडे पाहिलं. तिथे एकच खूण होती. मोठं. बस. "चुकलो. इथेही नाही."

"अजून नसलेलं वाचतोस तू!" ताई वैतागली. "पन्नाशी आली तरी तीच खोड."

"अगं, तोंडात बसलंय ते. पिशवीच्या पाटीपासून..."

एवढ्यात मास्तर तास संपवून दारात आले होते. हातातला डस्टर तसाच. "काय नाही म्हणालात? पुन्हा वाचा बरं." धाकट्याने वाचलं, या वेळी आहे तसं. मास्तर पडद्याशी आले, ती ओळ त्यांनी स्वतःशी पुटपुटली, मग खालच्या चार ओळी पुटपुटल्या, आणि त्यांनी धाकट्याचा खांदा असा काही दाबला की तो कळवळला.

"नाही, पण असायला हवं! अहो, असायला हवं ते! ओळ मावत नसेल तर यंत्र आपणहून खाली उतरतं, आपण हुकूम द्यायचा नाही, असं लिहिलंय इथे. मावत नसेल तर. म्हणजे रुंदीपेक्षा मोठी असेल तर. आणि बरोबर रुंदीएवढीच असली तर? तरीही ठोक्या आपणहून उतरतो! वर हा प्रोग्राम पुन्हा उतर म्हणून हुकूम देतो. दोघांच्या गोंधळात पुढचं अक्षर खाल्लं जातं."

"म्हणजे नेमक्या पाच वस्तू घेणारा," धाकटा सावकाश म्हणाला.

"कोण?"

"काही नाही. एक गिऱ्हाईक होतं."

मास्तरांनी ती एक खूण जोडली. कुणाची परवानगी नाही, कुठली पट्टी फाटली नाही. ठोक्याला गणिताचं पान दिलं. गडगडाट थांबल्यावर खोलीत इतकी शांतता झाली, की कागदावरून बोटं सरकल्याचा आवाज ऐकू येत होता. ताई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेली. टेबलावर टकटक झाली नाही. तिने पान उलटलं, मागची बाजू वाचली. मग पान खाली ठेवून दोन्ही हात त्यावर पसरून ती नुसती हसली. धाकट्याने तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघितलं, आणि मास्तरांनाही तेवढ्यात खिडकीतच काहीतरी दिसलं.

व्यवस्थापकबाईंनी गणिताची पुस्तकं वेळेत वर्गात पाठवली, आणि लांबट खोली बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मास्तरांनी ती दुरुस्ती लिहिणाऱ्या माणसाला पाठवून दिली. धाकटा अजूनही दुकानात अधिकृत सिस्टीमच विकतो. "लोकांना फोन उचलणारं कुणीतरी लागतं," तो म्हणतो, आणि मास्तर त्याला अजूनही जिन्याचं सांगतात. बदल झाला तो एवढाच, की प्रवचनातलं शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघेनासं झालं. चंदेरी पट्टीपर्यंत येऊन तो अडखळतो आणि गिऱ्हाइकाला चहा विचारतो.

बऱ्याच दिवसांनी पलीकडून उत्तर आलं. त्या माणसाने घर बदललं होतं आणि सामानाच्या खोक्यांत त्याचा संगणकच हरवला होता. त्याने माफी मागितली, दुरुस्ती प्रोग्राममध्ये कायमची घातली, आणि ती पाठवणारे कोण आहेत असं विचारलं. मास्तरांनी कळवलं, छापखान्याच्या दोन नावांच्या रीतीसकट. मग नवी प्रत आली. तिच्यात त्या ओळीच्या वर, यंत्राला वाचायचं नसतं आणि माणसांनाच वाचायचं असतं अशा जागी, एक छोटा मजकूर होता. आता जगात जिथे जिथे त्या जातीचं यंत्र ठोकत असेल, तिथे तो त्याच्या पोटात असणार होता.

ताईने ते पान छापून घेतलं आणि धाकट्याला बोलावलं. त्याची तर्जनी धरून ठिपक्यांवर ठेवली. त्याला नुसतं खरखरीत लागलं.

"वाच," ती म्हणाली.

"मला कुठे येतं? तूच वाच."

आजवर त्याने तिला वाचून दाखवलं होतं. तिने त्याला कधी नाही. ताईने त्याचं बोट न सोडता, सपाट आवाजात, रीतीप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

"भरलेल्या ओळीची चूक दोघांनी शोधली, पूर्णविराम. वाचन, भाऊ, स्वल्पविराम, बोटं, बहीण, पूर्णविराम." ती किंचित थांबली. मग पुढे वाचू लागली, आणि तिचा आवाज खुलला. "याच भावाने लहानपणी बहिणीचा हात रेडिओच्या आत घालून थप्पड खाल्ली होती. आत एक गार लोहचुंबक होतं, तारेची एक गुंडाळी होती, आणि कोपऱ्यात खूप धूळ होती. ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ती कधी विसरली नाही."

धाकट्याने पडद्यावरचा मजकूर पाहिला. तो दुसऱ्या पूर्णविरामाशी संपत होता.

"ताई," तो म्हणाला, "रेडिओचं इथे नाहीये."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "असायला हवं."